धुतलेलं पेट्रोल

बंद केलेल्या मशीनकडेसुद्धा तात्यांनी कधी पाठ केली नाही. गवत कापून झालं की ते बटण दाबायचे, मशीन खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवायचे आणि पात्यावर नजर ठेवून उलट पावली मागे सरकायचे. गाभाऱ्यातून निघताना म्हातारी माणसं देवाकडे तोंड करून मागे मागे येतात, तसं. फक्त त्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर भक्ती असते, तात्यांच्या चेहऱ्यावर पहारा असायचा. इंजिन गार पडून त्याची टिकटिक थांबेपर्यंत ते नजर हलवत नसत.

मशीन चालू करायची रीतही अशीच चमत्कारिक होती. दोरीला हात घालण्याआधी ते समोरच्या मोकळ्या गवताकडे बघायचे आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात म्हणायचे, "पारू, बाजूला सर." मग एक माणूस उठून बाजूला व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबायचे. त्यानंतरच दोरी ओढायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पारू म्हणजे त्यांची शेळी असावी. मी गवतात शेळी शोधलीही.

मी बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत राहते. आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, म्हणजे सर्वसाधारण सभेत नाही म्हणायला ज्या बाईला उशीर झाला ती. इमारतीच्या मागे बिल्डरने बाग म्हणून दाखवलेली आणि बाग म्हणून कधीच न केलेली मोठी जागा आहे. पावसाळा संपला की तिथे छातीएवढं गवत वाढतं, आणि गवत वाढलं की कुणाला ना कुणाला साप दिसतो. मग मला फोन येतात. त्या फोनांना कंटाळून मी अंबरनाथच्या मोरिवलीतून तात्यांना बोलावलं. गणपती गेले की ते यायचे आणि दिवाळीपर्यंत दोनतीनदा कापून जायचे. बारीक चणीचे, काळेसावळे, कानात भिकबाळीचं नुसतंच भोक राहिलेले आणि बोलण्यात आगरी हेल. मला ते 'बाय' म्हणायचे, आणि ते मला फार आवडायचं. कारखान्यांच्या आवारातलं गवतही तेच कापत. "बापाच्या शेतान भात कापायचो," ते एकदा म्हणाले, "आता त्याच जाग्यावर कंपनीचा गवत कापतंय. हात तोच, कोयता तेवढा बदलला." त्यात तक्रार नव्हती. पावसापाण्याबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

सोसायटीत त्यांचं नाव 'बाटलीवाले तात्या' पडलं होतं. ज्या माणसाने हळदीच्या मांडवातही कधी घोट घेतला नाही, त्याला हे नाव म्हणजे अन्यायच होता. पण बाटल्या होत्या खऱ्या. कोकम सरबताच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या ते पिशवीतून आणायचे आणि आमच्या मागच्या भिंतीवर ओळीने उभ्या करायचे. प्रत्येक बाटलीला पोटाशी एक लाल धागा बांधलेला. त्या बाटल्यांमध्ये तात्या पेट्रोल धुवायचे.

हो, धुवायचे. मीही पहिल्यांदा हसलेच होते. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून ते स्वतःच्या जुन्या स्कूटरच्या टाकीतून नळीने काढायचे. त्याआधी बाटलीत लाल धाग्यापर्यंत साधं नळाचं पाणी भरायचे. मग वर पेट्रोल ओतायचे, बूच लावायचे, हळूहळू खालीवर करायचे आणि बाटली भिंतीवर ठेवून द्यायचे. आधी सगळं दुधी दिसायचं. मग हळूहळू निवळत जायचं. खाली पाणी, वर पेट्रोल आणि मध्ये एक स्वच्छ रेघ. इथपर्यंत काही विशेष नाही, तेलपाण्याचा खेळ शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. पण ती रेघ लाल धाग्यावर नसायची. धाग्याच्या चांगली बोटभर वर असायची. पाणी वाढलेलं असायचं.

"बघा बाय," तात्या म्हणाले, "मी धाग्यापरत पानी टाकला व्हता. ह्यो वरचा कुठून आयला?"

मला कारण माहीत होतं. आता पेट्रोलमध्ये उसाचं, धान्याचं इथेनॉल मिसळलेलं असतं. ते पेट्रोलपेक्षा पाण्याला जास्त जीव लावतं आणि पाणी दिसलं की पेट्रोलला सोडून त्याच्याकडे जातं. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनाही ते ठाऊकच होतं. पंपावरच्या पाट्या त्यांनीही वाचल्या होत्या. तरी ते त्या रेघेकडे असे काही बघत राहिले, की माझ्या सांगण्यात मलाच दम वाटेना. बंद बाटलीत, कुणी काही न टाकता, पाणी वाढतं. कारण कळल्यावरही ते डोळ्यांनी बघणं काही चांगलं वाटत नाही. मला तर त्या दिवसापासून देवघरातल्या तांब्यावरही नजर ठेवायची सवय लागली.

वरचं पेट्रोल ते अलगद नळीने काढून घ्यायचे, त्यात मोजून ऑइल मिसळायचे आणि मशीनमध्ये भरायचे. खालचं उरलेलं पाणी गटारात टाकू द्यायचे नाहीत. कुणी काडी टाकली तर ते पेट घेतं, असं म्हणायचे. भिंतीच्या कोपऱ्यात एकाच ठरावीक जागी ते ओतायचे. त्या जागी पुढे गवत उगवलं नाही. सगळीकडे छातीएवढं माजलेलं रान आणि कोपऱ्यात एक माणूस मांडी घालून बसेल एवढी उघडी, काळी माती. आमच्याकडची मुलं क्रिकेट खेळताना चेंडू तिथे गेला तर काठीने ओढून काढत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आणि तो दगड. बांधकामाच्या वेळचा एक सपाट दगड मागच्या करंजाखाली पडलेला आहे. ऑक्टोबरच्या उन्हात मागच्या बाजूला सावली म्हणावी अशी तेवढीच. तात्या आले की पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी त्या दगडाशेजारी जमिनीवर ठेवायचे. स्वतः मात्र उन्हात उकिडवे बसून जेवायचे. त्या पहिल्याच वर्षी मी एकदा टेकायला गेले, तर त्यांनी हात आडवा केला. म्हणाले, "तिथं नको बाय. तिथं पारू बसते." म्हणजे शेळी नव्हती तर. बायको मागाहून येत असेल, असं समजून मी सरकले. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. जाताना तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी दगडापुढे ओतलं आणि ते निघून गेले.

पारू कोण, ते मला उल्हासनगरात कळलं. सोसायटीच्या पंपाचा वायसर आणायला मी तिथल्या एका सुट्या भागांच्या दुकानात गेले होते. दुकानदार सिंधी. बोलणं मराठी-हिंदीची भेळ आणि त्यात सारखं 'साईं'. गवत कापायच्या मशीनचे भाग मागे टांगलेले दिसले म्हणून मी सहज तात्यांचं नाव काढलं. शेठचा हात वायसर बांधता बांधता थांबला.

त्यांनी सांगितलं ते असं. तात्या आणि त्यांची बायको पारूबाई जोडीने कामाला जायची. ते कापायचे, ती मागून पंजाने गवत ओढायची. जुनं मशीन गरम असताना बंद केलं तर पुन्हा लवकर चालू होत नाही, म्हणून सगळेच गवत कापणारे पाणी प्यायला जाताना मशीन मंद चालू ठेवून खाली टेकवतात. तात्याही तेच करायचे. पेट्रोल बदललं तसं मशीन जास्त तापायला लागलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका दुपारी एका कारखान्याच्या आवारात तात्यांनी मशीन टेकवलं, पाठ फिरवली आणि तांब्या तोंडाला लावला. मागे मशीनचा आवाज आपोआप चढला. पातं फिरायला लागलं आणि मशीन गवतातून सरपटत निघालं. पारूबाई तिथल्याच एका दगडावर सावलीत बसली होती. जखम फार मोठी नव्हती, घोट्याशी होती. पण तिला साखर होती. आधी पाय गेला, मग ती गेली.

"साईं, उसमें भूत-बित काही नाही," शेठ मला म्हणाले. "जुना इंजिन आहे, नवा पेट्रोल पचत नाही. हवा जास्त, पेट्रोल कम. गरम होते, मग अपने आप रेस पकडते. क्लचची स्प्रिंग पण ढिली होती. मी बोललो, तात्या, पाइप बदलू, स्प्रिंग बदलू, कार्बोरेटर सेट करू, धुवायची काय गरज? ते ऐकत नाही. हात लावू देत नाही मशीनला."

शेठचं म्हणणं सरळ होतं आणि मला पटलंही. तेवढ्याच सरळपणे मी ते तात्यांपुढे मांडलं. वाटलं, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरेल. पेट्रोलचा दोष, ढिल्या स्प्रिंगचा दोष, तुमचा नाही, असंही म्हणाले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली बाटली खालीवर करणं त्यांनी थांबवलं नाही.

"पेट्रोलनी येग दिला, बाय," ते म्हणाले. "पाठ मी केली."

 बाटली भिंतीवर ठेवली, निवळू दिली. रेघ वर सरकली तशी त्यांनी पुढचं विचारलं. "चारी आंगानी मोकला रान व्हता. मशीन कुठं पन जेली असती. ती तिकडंच का जेली?"

मशीन विकून का टाकत नाही, हेही मी विचारलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. विकलं तर दुसरा कुणी त्यात धुतल्याशिवाय पेट्रोल भरेल आणि पाठ फिरवेल. आपल्याकडे आहे तोवर आपण बघतो तरी आहोत. एखाद्याच्या घरात वेड लागलेलं माणूस असावं आणि घरच्यांनी त्याला कुठे पाठवू नये, तसं ते त्या मशीनला सांभाळत होते. दसऱ्याला त्याला झेंडूही वाहायचे, पण समोर उभं राहून नाही, बाजूने.

आता त्या दिवसाबद्दल. कोजागिरी होती. रात्री मागच्या जागेत सतरंज्या टाकून दूध प्यायचा बेत होता आणि गवत अजून अर्धंच कापून झालं होतं. आमचे खजिनदार घड्याळाचे भक्त. तात्यांचं पेट्रोल धुणं म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ खोळंबा. तात्या जेवायला बसले असताना या भल्या माणसाने आपल्या मोटारसायकलमधून पेट्रोल काढलं, ऑइल मिसळलं आणि मशीनची टाकी गळ्यापर्यंत भरून टाकली. वाईट हेतू काही नव्हता. उलट आपण मदत केली, अशा समाधानात ते मला सांगायलाही विसरले.

तात्यांनी जेवण उरकलं, टाकी भरलेली पाहिली आणि जेवायला बसण्याआधी आपणच भरली असं धरून चालले. पारूला बाजूला सारलं, दोरी ओढली. मी देखरेखीला उभी होते. देखरेख म्हणजे उन्हात उभं राहून गुडघ्यांना शिव्या देणं. तासाभराने गुडघ्यांनी माझं ऐकणं सोडलं आणि मी काही विचार न करता करंजाखालच्या त्या दगडावर बसले. दगड गार होता. उन्हात तापलेल्या जागेत तो इतका गार कसा, हे माझ्या मनात आलं आणि तेवढ्यात मशीनचा आवाज पडला.

तात्या पार पलीकडच्या टोकाला उभे होते. त्यांनी बटण दाबलं होतं. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या शेजारी बघत होते. "उठा, बाय," एवढंच म्हणाले. मला राग आला, खोटं कशाला सांगू. दगड सोसायटीचा, मी सोसायटीची, आणि हा माणूस मला उठवतो. पुटपुटतच उठले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. तात्यांनी पट्टा सोडवला, मशीन जमिनीवर ठेवलं आणि नेहमीसारखे मागे सरकू लागले.

मशीन अजून पुरतं विझलं नव्हतं. बटण बंद, तरी आत कुठेतरी धुगधुगी चालू होती. मला वाटलं, आता थांबेल. तात्यांनाही तसंच वाटलं असावं. पण ती धुगधुगी थांबली नाही, चढली. दोरीला कुणाचा हात नाही, बटण बंद, आणि आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला. पातं फिरायला लागलं. मग मशीनने एक उसळी घेतली आणि गवतातून निघालं. आडवंतिडवं नाही, भेलकांडत नाही. गवत दोन्ही बाजूंना पाडत ते सरळ करंजाकडे गेलं.  तात्या जागच्या जागी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

पातं दगडाला लागलं. ठिणग्या उडाल्या, खाडकन आवाज झाला आणि मशीन मेलं. दगडाच्या बुडाशी, जिथे थोड्या वेळापूर्वी माझी पावलं होती, तिथे पांढरा ओरखडा उठला होता. तो अजून आहे. मी मुद्दाम जाऊन बघत नाही, पण नजर जातेच.

खजिनदार आवाज ऐकून धावत आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. चेहरा उतरला होता बिचाऱ्यांचा.  तात्या मशीन गार होईपर्यंत थांबले. मग टाकीतलं पेट्रोल त्यांनी बाटलीत घेतलं, धाग्यापर्यंत पाणी भरलेल्या बाटलीत, आणि खालीवर करून भिंतीवर ठेवलं. आम्ही तिघं गुन्हेगारांसारखे त्या बाटलीसमोर उभे राहिलो. दुधी रंग निवळला. रेघ धाग्याच्या वर आली, आणि वरच थांबली.

"आज पन तिकडंच जेली," तात्या म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पन आज जागा रिकामी व्हती."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या दगडावर बसले. एका कडेला बसले, दुसऱ्या माणसाला जागा ठेवून. दोन्ही हात तोंडावर घेऊन लहान पोरासारखे रडले. खजिनदार त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले आणि येताना स्वतःच डोळे पुसत आले. मी मात्र रडले नाही. मला थंडी वाजत होती. ऑक्टोबरच्या भर दुपारी मी पदर खांद्यावरून ओढून घेतला होता. बरोबर त्याच वेळी त्यांनी मला का उठवलं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी पारूचं नाव घेतलं असतं तर मला रोज त्या जागेवरून जाता आलं नसतं.

त्या रात्री आम्ही दूध गच्चीवर प्यायलो.

तात्यांनी मशीन परत नेलं नाही. मीटरच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं, पातं भिंतीकडे करून, आणि लाल धाग्याची एक बाटली शेजारी. "तुमी पाठ करत नाय, मना ठाव हाय," एवढं मला म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात मोरिवलीहून निरोप आला. तात्यांना ताप आला होता, दोन दिवसांत आटोपलं. मी दहाव्याला जाऊन आले. घर लहान, पण अंगण असं साफ, की गवताची काडी नाही. माझे वडील गेले तेव्हा मी सगळ्यांची समजूत घालत हिंडत होते. मोरिवलीच्या त्या साफ अंगणात मात्र मला हुंदका आवरेना.

या वर्षी गणपती गेल्यावर त्यांचा पुतण्या आला. चांगला तिशीचा, शहाणा माणूस. मशीन त्याने आधी मीटरच्या खोलीतून उल्हासनगरला शेठकडे नेऊन आणलं होतं. नवा पाइप, नवी स्प्रिंग, नवं पातं, कार्बोरेटर नीट लावून घेतलेला, नव्या पेट्रोलला चालेलसा. शेठ सांगत होते तेच सगळं, आणि ते आधीच व्हायला हवं होतं. पुतण्याने पंपाचंच पेट्रोल भरलं. धुतलं नाही.  मशीन आता निरोगी होतं.

तो गवताच्या कडेला उभा राहिला. पट्टा खांद्यावर घेतला, दोरीला हात घातला. पलीकडे कोपऱ्यात ती उघडी माती आणि करंजाखाली दगड. वारा पडलेला होता.

"थांब जरा," मी म्हणाले.

तो थांबला. मी समोरच्या गवताकडे पाहिलं आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात म्हटलं, "पारू, बाजूला सर. तात्या, तुम्हीपण."

पुतण्या हसला नाही. दोरीवरचा हात त्याने सैल केला. एका माणसाला उठून बाजूला व्हायला लागतो तेवढा वेळ तात्या थांबायचे. मी दोघांना लागेल तेवढा थांबले. मग म्हटलं, ओढ.